प्रेक्षकांची पसंती आणि वृत्तनिवेदिकेची पात्रता : क्रिस्टीन क्राफ्ट प्रकरणाचा पुनर्विचार

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील बातम्यांची चिकित्सा आपल्याकडे प्रामुख्याने आशयाच्या अंगाने होते. कोणती बातमी दिली, कोणती गाळली, कोणत्या पक्षाला झुकते माप दिले, हे प्रश्न अभ्यासकांना महत्त्वाचे वाटतात आणि ते महत्त्वाचे आहेतही. मात्र जी व्यक्ती दररोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी आपल्या घरात येऊन बातमी सांगते, तिची निवड कोणत्या निकषांवर होते आणि तिला बाजूला सारले जाते तेव्हा कोणती कारणे पुढे केली जातात, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. जनसंज्ञापनाच्या वर्गात ‘वृत्तनिवेदकाच्या अंगी काय असावे?’ असा प्रश्न विचारला की पहिले उत्तर बहुधा ‘प्रभावी व्यक्तिमत्त्व’ असे येते. व्यक्तिमत्त्व म्हणजे नेमके काय, असे पुन्हा विचारले की वर्गात थोडी चुळबुळ होते. विषयाचे ज्ञान, भाषा, विश्वासार्हता ही उत्तरे त्यानंतर येतात.

हा क्रम विद्यार्थ्यांनी तयार केलेला नाही. तो व्यवसायाने घडवलेला आहे आणि एका गाजलेल्या प्रकरणात त्यावर न्यायालयाची मोहरही उमटली आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटी येथील स्थानिक वाहिनीच्या वृत्तनिवेदिका क्रिस्टीन क्राफ्ट यांचे हे प्रकरण होय. १९८१ मध्ये सुरू झालेला हा संघर्ष १९८६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या दारात संपला. एका रूपाने सामान्य स्त्रीवर झालेल्या अन्यायाची कथा म्हणून तो सर्वत्र सांगितला जातो. प्रस्तुत लेखात या प्रचलित वाचनाची मर्यादा दाखवून ‘प्रेक्षकांची पसंती’ या संकल्पनेच्या अंगाने प्रकरणाचा पुनर्विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

संज्ञेविषयी येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठीत ‘वृत्तनिवेदक’ हा शब्द १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला. त्यात इतरांनी सिद्ध केलेला मजकूर शुद्ध व स्पष्ट उच्चारात सादर करणे हा अर्थ प्रधान होता. अमेरिकेतील स्थानिक वाहिनीच्या ‘अँकर’कडून याहून अधिक अपेक्षा असते. ती व्यक्ती स्वतः वार्तांकन करते, मजकूर लिहिते, सहकाऱ्यांशी पडद्यावर संवाद साधते आणि वाहिनीचा चेहरा म्हणून शहरात ओळखली जाते. या लेखात सोयीसाठी ‘वृत्तनिवेदिका’ हाच शब्द वापरला असला तरी त्यामागे हा व्यापक अर्थ गृहीत धरावा.

व्यावसायिक पार्श्वभूमी

१९७० च्या दशकात अमेरिकेतील स्थानिक बातम्या हा वाहिन्यांच्या उत्पन्नाचा मोठा स्रोत बनला. आपल्याकडे आज ज्याला सरसकट ‘टीआरपी’ म्हटले जाते, त्या प्रेक्षकसंख्येच्या मोजणीवर जाहिरातींचे दर ठरू लागले. त्यातूनच वृत्तविभागाला सल्ला देणाऱ्या खासगी सल्लागार संस्था उदयास आल्या. बातमीची लांबी किती असावी, निवेदकांनी एकमेकांशी हसतखेळत किती बोलावे, टेबलाचा आकार व पडद्यावरील रंग कोणते असावेत, येथपासून निवेदकांच्या केशरचनेपर्यंत त्यांच्या शिफारशी असत. या शिफारशींना आधार होता तो प्रेक्षक-सर्वेक्षणांचा.

याच काळात दुसरी घडामोड चालू होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने रोजगारात लिंगाधारित भेदभावास मनाई केली होती. १९७१ मध्ये तेथील संघराज्य दूरसंचार आयोगाने प्रसारण संस्थांना घातलेल्या समान संधीच्या नियमांत स्त्रियांचाही समावेश केला. १९७६ मध्ये बार्बरा वॉल्टर्स या राष्ट्रीय पातळीवरील सायंकालीन बातमीपत्राच्या सहनिवेदिका झाल्या. स्थानिक वाहिन्यांतही एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी हळूहळू रूढ झाली. स्त्रियांना प्रवेश मिळाला, पण कोणत्या भूमिकेत मिळाला, हा प्रश्न शिल्लक राहिला. क्राफ्ट यांची कारकीर्द या प्रश्नाचे मूर्त उदाहरण आहे.

कारकीर्द : कॅलिफोर्निया ते कॅन्सस सिटी

क्राफ्ट मूळच्या कॅलिफोर्नियाच्या. समुद्रलाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा, म्हणजे सर्फिंगचा, त्यांना विलक्षण नाद होता. वयाच्या तिशीच्या सुमारास सॅलिनास येथील एका छोट्या वाहिनीवर हवामानाची माहिती देण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी काम केले. त्यानंतर सी.बी.एस. या राष्ट्रीय जाळ्याच्या क्रीडा कार्यक्रमातील स्त्री-खेळाडूंविषयीचा भाग सादर करण्याची संधी त्यांना मिळाली. तेथे त्यांचे केस फिकट सोनेरी रंगवण्यात आले आणि एकंदर रूपच बदलण्यात आले. हा अनुभव त्यांना अत्यंत अपमानास्पद वाटला. नंतर त्या सांता बार्बरा येथील वाहिनीत परतल्या. तेथे वार्तांकन आणि निवेदन अशी दोन्ही कामे त्या करीत होत्या.

कॅन्सस सिटीतील के.एम.बी.सी. या वाहिनीने त्यांना बोलावले ते याच टप्प्यावर. मेट्रोमीडिया ही कंपनी त्या वेळी या वाहिनीची मालक होती. वाहिनीला आपले बातमीपत्र रुक्ष वाटत होते आणि त्यात थोडी ‘मृदुता’ आणण्यासाठी स्त्री-सहनिवेदिका हवी होती. मुलाखतीच्या वेळीच क्राफ्ट यांनी सी.बी.एस.मधील अनुभव सांगून आपला पुन्हा कायापालट केला जाणार असेल तर ही नोकरी नको, असे स्पष्ट केले होते. तसे काही होणार नाही आणि आपली निवड पत्रकारितेतील कौशल्यामुळेच होत आहे असे आश्वासन आपल्याला मिळाले, असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या वर्षी ३५,००० डॉलर वेतन देणारा दोन वर्षांचा करार झाला आणि जानेवारी १९८१ मध्ये त्या रुजू झाल्या.

त्यानंतर थोड्याच काळात सल्लागार संस्थेचे लोक आले. रंगभूषेच्या सूचना झाल्या, कपड्यांसाठी एका मोठ्या दुकानाच्या सल्लागाराची मदत घेण्यात आली आणि कोणत्या दिवशी काय परिधान करायचे याचे वेळापत्रकही ठरू लागले. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडावर निवडक प्रेक्षकांच्या गटचर्चा घेण्यात आल्या आणि पाठोपाठ दूरध्वनीवरून सर्वेक्षण झाले. १४ ऑगस्ट १९८१ रोजी वृत्तसंचालकांनी क्राफ्ट यांना निवेदिकेच्या पदावरून काढून त्याच वेतनावर वार्ताहर म्हणून काम करण्यास सांगितले. आपण वयाने जास्त, दिसण्यात कमी आणि पुरुषांपुढे पुरेशा नमते घेणाऱ्या नाही, असे प्रेक्षकांचे मत असल्याचे वृत्तसंचालकांनी आपल्याला सांगितले, असा क्राफ्ट यांचा आरोप होता. वृत्तसंचालकांनी असे बोलल्याचे नाकारले. क्राफ्ट यांचे वय त्या वेळी केवळ पस्तिशी ओलांडलेले होते. त्यांनी नवे पद नाकारले, त्या सांता बार्बराला परतल्या आणि त्यांनी मेट्रोमीडियाविरुद्ध दावा दाखल केला.

न्यायालयीन टप्पे

दाव्यात तीन मुख्य मुद्दे होते : लिंगाधारित भेदभाव, पुरुष-सहनिवेदकाच्या तुलनेत असमान वेतन आणि नेमणुकीच्या वेळी झालेली फसवणूक. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅन्सस सिटी येथील ज्यूरीने क्राफ्ट यांच्या बाजूने कौल देऊन ५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. भेदभावाच्या मुद्द्यावरील ज्यूरीचे मत मात्र कायद्यानुसार केवळ सल्ल्याच्या स्वरूपाचे होते. न्यायाधीश जोसेफ स्टीव्हन्स यांनी ते स्वीकारले नाही. फसवणुकीच्या मुद्द्यावरील निर्णय रद्द करून त्यांनी पुनर्सुनावणीचा आदेश दिला.

जानेवारी १९८४ मध्ये जॉप्लिन येथे दुसरी ज्यूरी बसली. तिनेही फसवणूक झाल्याचे मान्य करून ३ लाख २५ हजार डॉलर मंजूर केले. जून १९८५ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णयही फिरवला. नेमणुकीच्या वेळी वाहिनीचा हेतू कायापालटाचा होता असे दाखवणारा पुरेसा पुरावा नाही, असे त्याचे मत पडले. समान वेतनाचा दावाही टिकला नाही. मार्च १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. ते ऐकले जावे असे मत एकट्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी नोंदवले. त्या न्यायालयातील त्या पहिल्या आणि त्या वेळच्या एकमेव स्त्री-न्यायाधीश होत्या.

चिकित्सा

(अ) निकष समान, पण मागणी कोणती?

निकालाचा गाभा असा की, वाहिनी रूपाविषयी काटेकोर होती, पण ती स्त्री-पुरुष दोघांच्याही बाबतीत काटेकोर होती. पुरुषांनाही वजन कमी करण्याच्या व नीट बसणारे कपडे घालण्याच्या सूचना दिल्या गेल्या होत्या. क्राफ्ट यांच्यावर अधिक लक्ष पुरवले गेले असले तरी त्याचे कारण कपडे आणि रंगभूषेतील त्यांची स्वतःची उणीव हे होते, असे न्यायाधीशांनी मानले. दूरचित्रवाणी हे दृश्य माध्यम असल्याने रूपाचा विचार करण्याचा मालकाचा अधिकारही मान्य झाला.

या युक्तिवादातील तथ्यांश नाकारता येत नाही. दृश्य माध्यमात रूपाला स्थान असणारच आणि वृत्तकक्ष न्यायालयांनी चालवावेत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तथापि दोघांनाही नियम आहेत, एवढ्यावरून दोघांकडे केलेली मागणी समान आहे असे सिद्ध होत नाही. पुरुषाने नीटनेटके दिसणे ही किमान अट आहे. ती पूर्ण केली की त्याच्या अनुभवाचे, आवाजाचे, वयाचेही मोल सुरू होते. पांढरे होऊ लागलेले केस त्याच्या विश्वासार्हतेत भर घालतात. स्त्रीच्या बाबतीत दिसणे हीच परीक्षा ठरते आणि ती रोज नव्याने द्यावी लागते. ‘मृदुता’ आणण्यासाठी जिची नेमणूक झाली, तिच्या कामाच्या व्याख्येतच लिंग अंतर्भूत होते. ती व्याख्या तपासल्याशिवाय निकष समान होते की नाही हे ठरवता येणार नाही. न्यायालयाने नियमांची मोजदाद केली, व्याख्येची तपासणी केली नाही.

येथे प्रसिद्ध झालेल्या तीन विशेषणांपैकी तिसऱ्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. वय आणि रूप यांवर पुष्कळ लिहिले गेले, पण ‘पुरुषांपुढे नमते न घेणारी’ हा आक्षेप पोशाखाने दूर होणारा नव्हता. बातमीपत्रात दोन निवेदक शेजारी बसतात, तेव्हा त्यांच्यातील अधिकाराची वाटणी प्रेक्षकांना दिसत असते. कोण प्रश्न विचारतो, कोण उत्तर देतो, कोण दुरुस्ती करतो यांतून ती प्रकट होते. सल्लागारांना रंगभूषेत जी उणीव दिसली, तिचे मूळ या वाटणीत तर नव्हते ना, असा प्रश्न निकालपत्रांच्या वाचनानंतरही उरतो.

(आ) पसंती ‘आढळते’ की ‘घडवली’ जाते?

वाहिनीचा बचाव प्रेक्षक-संशोधनावर उभा होता, म्हणून त्या संशोधनाच्या पद्धतीचा विचार आवश्यक ठरतो. गटचर्चेच्या ध्वनिमुद्रणातून असे समोर आले की, चर्चा चालवणाऱ्या व्यक्तीनेच क्राफ्ट यांच्या रूपाविषयी हेटाळणीचा शब्द उच्चारून उपस्थितांना प्रामाणिक मत देण्याचे आवाहन केले होते. सामाजिक शास्त्रांच्या कोणत्याही अध्यापकाला हे सूचक प्रश्नाचे ठळक उदाहरण वाटेल. उत्तर प्रश्नातच पेरलेले असताना मिळालेला कौल हा लोकमत म्हणून स्वीकारता येत नाही.

दूरध्वनी-सर्वेक्षण अधिक पद्धतशीर होते आणि न्यायालयाने त्याला महत्त्व दिले. त्यात प्रतिस्पर्धी वाहिन्यांवरील स्त्री-निवेदिकांशी क्राफ्ट यांची तुलना केलेली होती. पेहरावाची जाण हाही तेथे विचारणेचा विषय होता. ज्या गोष्टींविषयी विचारले जाते, त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत असा संदेश प्रश्नावलीतूनच जातो. स्त्रीची तुलना स्त्रीशीच करायची आणि तीही पेहरावाच्या निकषावर करायची, हे ठरवणारी संस्था स्वतःला तटस्थ मोजमापक म्हणवू शकत नाही. उलट त्याच वर्षी वाहिनीची प्रेक्षकसंख्या वाढली होती, असे क्राफ्ट यांचे प्रतिपादन होते. प्रेक्षक पाहत होते आणि तरीही त्यांना ती नको होती, असा विरोधाभास त्यातून उभा राहतो.

(इ) ग्राहकाची इच्छा हा बचाव होऊ शकतो का?

हा प्रश्न अमेरिकी न्यायव्यवस्थेला नवा नव्हता. पॅन अमेरिकन या विमान कंपनीने पुरुषांना प्रवासी सेवकाच्या कामावर घेण्यास नकार दिला होता. प्रवाशांना स्त्रियाच हव्या असतात असा तिचा सर्वेक्षणाधारित बचाव होता. १९७१ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. कायदा ज्या पूर्वग्रहांवर मात करण्यासाठी केला, त्याच पूर्वग्रहांना भेदभावाचे समर्थन म्हणून मान्यता देता येणार नाही, अशी त्यामागील भूमिका होती. १९८१ मध्ये, म्हणजे क्राफ्ट यांना हटवले गेले त्याच वर्षी, टेक्सासमधील न्यायालयाने साउथवेस्ट या विमान कंपनीचा असाच बचाव नाकारला.

मग क्राफ्ट यांच्या वेळी हे तत्त्व का लागू झाले नाही? विमान कंपन्यांनी एका लिंगाला सरसकट दार बंद केले होते. येथे दार उघडे होते, वाहिनीला स्त्रीच हवी होती. वगळणे दिसते तेव्हा कायदा ओळखतो. आत घेऊन अटी घालणे त्याला सहज ओळखू येत नाही. शिवाय विमानसेवेत प्रवाशांची आवड ही मूळ कामाबाहेरची गोष्ट मानली गेली. दूरचित्रवाणीत मात्र प्रेक्षकांना आवडणे हेच काम आहे असे गृहीत धरले गेले. बातमी अचूक सांगणे हे मूळ काम मानायचे की प्रेक्षक धरून ठेवणे, या निवडीवर सारा निकाल अवलंबून होता आणि ती निवड फारशी चर्चा न होताच झाली.

भारतीय वाचकाला येथे एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा या खटल्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. योगायोगाने तो निकालही ऑगस्ट १९८१ चाच. हवाई सुंदरींना पहिल्या गर्भारपणाबरोबर सेवामुक्त करण्याचा नियम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पस्तिसाव्या वर्षानंतर सेवा वाढवावी की नाही, हे ठरवण्याचा व्यवस्थापकीय संचालकांचा अनिर्बंध अधिकारही न्यायालयाने अमान्य केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाहास असलेली बंदी मात्र त्याने कायम ठेवली. दोन्ही देशांत लोकांसमोर वावरणाऱ्या स्त्रीचे वय हा नोकरीच्या अटींचा विषय होता, एवढे साम्य या संदर्भात पुरेसे आहे.

(ई) आत्मकथनाचे मूल्य

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्राफ्ट यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. तीन आक्षेपांनाच त्यांनी पुढे शीर्षकाचे रूप दिले. विनोद, तिखटपणा आणि व्यवसायाच्या अंतर्गत व्यवहाराचे तपशील हे त्याचे बळ आहे. परंतु शीर्षकाच्या यशातच त्याची मर्यादाही आहे. वाचकाचे लक्ष ‘ती खरोखर तशी होती का?’ या प्रश्नाकडे वळते आणि प्रकरण पुन्हा रूपाच्या चर्चेत अडकते. दोन वेगवेगळ्या शहरांतील दोन ज्यूरींना एक गोष्ट पटली होती, ती म्हणजे दिलेला शब्द मोडला गेला. पत्रकार म्हणून बोलावले आणि प्रतिमा म्हणून वापरले, ही तक्रार सौंदर्याविषयी नव्हती, व्यावसायिक सचोटीविषयी होती. सामान्य नागरिकांना ती चटकन कळली. कायद्याच्या चौकटीत मात्र ती बसली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणाचे खरे महत्त्व येथे आहे आणि प्रचलित मांडणीत तेच झाकोळले गेले आहे.

पुढील वाटचाल

क्राफ्ट यांची कारकीर्द कॅन्सस सिटीत संपली नाही. सॅक्रामेंटो येथील वाहिनीवर त्यांनी पुन्हा निवेदन केले, पुढे रेडिओवरील चर्चात्मक कार्यक्रम चालवले आणि कायद्याचे शिक्षण घेऊन त्या वकील झाल्या. जेथे चेहरा दिसत नाही त्या माध्यमाकडे आणि जेथे आपल्याला हार पत्करावी लागली त्या क्षेत्राकडे त्या वळल्या, हे लक्षणीय आहे.

व्यवसायाचे काय झाले? २०१९ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या एन.वाय.१ या स्थानिक वृत्तवाहिनीतील रोमा टोरे यांच्यासह पाच स्त्री-निवेदिकांनी वय आणि लिंग यांवर आधारित भेदभावाचा दावा दाखल केला. २०२० च्या अखेरीस तडजोड झाली आणि पाचही जणींनी वाहिनी सोडली. तडजोडीमुळे आरोपांचा न्यायालयीन निवाडा झाला नाही, म्हणून त्यावर भाष्य करणे उचित नाही. परंतु जवळजवळ चार दशकांनंतरही प्रश्न त्याच शब्दांत विचारावा लागला, एवढे नोंदवणे आवश्यक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. क्राफ्ट प्रकरण हे रूपाविषयीच्या वादापेक्षा पात्रतेच्या व्याख्येविषयीचा वाद म्हणून वाचणे अधिक फलदायी आहे.

२. ‘प्रेक्षकांची पसंती’ ही स्वयंभू वस्तुस्थिती नसून ती विचारणाऱ्याच्या प्रश्नांतून अंशतः घडते. म्हणून ती निर्णायक पुरावा मानण्यापूर्वी पद्धतीची तपासणी अनिवार्य आहे.

३. स्त्रियांना प्रवेश मिळणे आणि समान अटींवर काम करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची पूर्तता दुसरीचा पुरावा ठरत नाही.

शेवटी एक मुद्दा आपल्या स्वतःच्या व्यवसायाविषयी. नॅकच्या मूल्यांकनामुळे विद्यार्थ्यांकडून अध्यापकांविषयी अभिप्राय घेण्याची पद्धत महाविद्यालयांत रूढ झाली आहे. ती आवश्यकही आहे, कारण ज्यांच्यासाठी आपण शिकवतो त्यांचे मत ऐकलेच पाहिजे. परंतु प्रश्नावलीत ‘व्यक्तिमत्त्व’ असा रकाना असेल आणि त्यासमोर गुण द्यायचे असतील, तर विद्यार्थी नेमके कशाला गुण देत आहेत, हे विचारण्याची जबाबदारी प्रश्नावली तयार करणाऱ्यांची आहे. पन्नाशीतील अध्यापिका आणि पन्नाशीतील अध्यापक यांना त्या रकान्यात कोणत्या कारणांनी किती गुण मिळतात, हे प्रत्येक महाविद्यालयाला स्वतःच्या कपाटातील अर्जांवरून तपासता येईल. कॅन्सस सिटीतील त्या गटचर्चेत जे घडले ते फार दूरचे नाही, हे ती तपासणी केल्यावर कदाचित आपल्या लक्षात येईल.